गुलाबी पाण्याची वही

निवृत्त झाल्यावर माणसाने काय करावं याबद्दल पुष्कळ लोकांनी पुष्कळ सांगून ठेवलं आहे. पण लेकीच्या गाडीचं बॉनेट उघडू नये, हे कुणीच सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर पाणसळकाकांचे अकरा रविवार वाचले असते, आणि इमारतीच्या समितीला गुलाबी डागांवर तीन बैठका घ्याव्या लागल्या नसत्या.

पाणसळकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी सरकारी मोजणी खात्यात जमिनीचा उंच-सखलपणा मोजला. तीन पायांवर दुर्बीण उभी करायची, आधी ती पाणसळीत आणायची, म्हणजे तिच्यावरच्या काचेच्या नळीतला बुडबुडा बरोब्बर मध्ये आणायचा, मग एक डोळा मिटून समोरच्या पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. ही नोकरी संपली, पण बुडबुडा काही डोक्यातून गेला नाही. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी त्यांना पितळेची एक हातभर पाणसळ भेट दिली, आणि तेव्हापासून इमारतीतल्या एकाही घरातलं फडताळ सुखाने नांदलेलं नाही. चहाला बोलावलं की काका पाणसळ घेऊन जात. दातांच्या डॉक्टरांची पाटी त्यांनी दोनदा काढून लावायला लावली. तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेने हौसेने टांगलेला आरसा "अर्धा दोरा डावीकडे उतरलाय" असं सांगून त्यांनी तिचं पहिलंवहिलं कौतुक केलं. लोक समोर 'काका' म्हणत आणि पाठीमागे 'पाणसळकाका'. काकांना दोन्ही ठाऊक होतं, आणि दुसरं अधिक आवडत होतं.

तर त्यांच्या लेकीने स्वतःच्या कमाईतून गाडी घेतली. साधी नाही, डोंगर, नाला, चिखल, जे आडवं येईल त्यावरून जाणारी, टर्बो इंजिनाची, आणि इतकी उंच की काकूंना आत चढायला घरातलं स्टूल खाली न्यावं लागे. गाडी उशिरा आल्यामुळे इमारतीखालच्या जागांपैकी सात नंबरची तेवढी उरली होती, ती मिळाली. मग लेकीला कामाच्या प्रशिक्षणासाठी तीन महिने परगावी जावं लागलं. जाताना तिने चावी बाबांच्या हातावर ठेवली.

"हे बघ बाबा, फार काही करायचं नाही. रविवारी सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडायचं, कूलंटची टाकी बघायची. पांढरट टाकी आहे, आतलं गुलाबी पाणी बाहेरून दिसतं. दोन खुणा आहेत, पाणी त्यांच्या मध्ये हवं. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. मग वीस मिनिटं गाडी फिरवून आणायची. झेपणार नसेल तर आत्ताच सांग. ऑफिसातला एक जण ही गाडी विकत दे म्हणून कधीचा मागे लागलाय, त्याला देऊन टाकते."

"झेपणार नसेल?" काका म्हणाले. "अगं, मी डोंगर मोजलेत."

एवढं म्हणून ते आत गेले, पण चावी हातात गरम होईपर्यंत तशीच धरून उभे राहिले. ही पोर सहा-सात वर्षांची असताना रोज एकच हट्ट करायची, मला दुर्बिणीतून बघू दे. काकांनी एकदाही बघू दिलं नाही. हात लावू नकोस, माप बिघडेल. आज तिने तिची इतकी मोठी वस्तू एका वाक्यात सोपवली होती. काकांना बरं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली.

गाडी विकली जाऊ नये असं त्यांना वाटण्याचं आणखीही एक कारण होतं. गावाबाहेर एक टेकडी होती. तिच्या माथ्यावर, तरुणपणी, त्यांनी स्वतःच्या हातांनी एक दगड रोवला होता. त्यावर छिन्नीने उंचीची खूण केली होती. सव्वीस वर्षांत तो पाहिला नव्हता. गुडघे चढू देत नव्हते आणि वरच्या वाटेवर साधी गाडी टिकत नव्हती. लेकीची गाडी पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हाच त्यांना तो दगड आठवला होता. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. काकूंना ते न सांगताच कळलं होतं, पण त्याही बोलल्या नव्हत्या.

आता साधा माणूस बॉनेट उघडतो, बघतो, बंद करतो. काकांनी आधी वही काढली. खात्यातली जुनी कोरी लेव्हल बुकं त्यांनी एका पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवली होती. ट्रंक उपसताना तळातून एक पिवळा पडलेला टंकलिखित कागद वर आला. काकांनी तो वाचला नाही, कारण पाठ होता. तो पुन्हा तळाशी सरकवून त्यांनी एक वही घेतली, आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'कूलंट. दिनांक, वेळ, वाचन, शेरा.'

या वह्यांचा एक कडक नियम असतो, तो इथेच सांगतो. लेव्हल बुकात खोडरबर चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची, तारखेसकट. चूक झाकायची नाही, कबूल करायची. काकांनी चौतीस वर्षांत हाताखालच्या बत्तीस पोरांना हा नियम शिकवला होता आणि वहीत खाडाखोड दिसली की पानच्या पान पुन्हा लिहायला लावलं होतं.

पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता काका पट्टी, भिंग आणि वही घेऊन खाली गेले. मागच्या चाकांना लावलेल्या दोन विटा जागच्या जागी आहेत याची खात्री केली. त्या विटा त्यांनीच लावल्या होत्या आणि रोज रात्री जेवणानंतर एकदा बघून येत. बॉनेट उघडलं. टाकीच्या पुढच्या अंगाला दोन खुणा होत्या. गुलाबी पाणी खालच्या खुणेच्याही दोन मिलिमीटर खाली होतं.

काकांनी भिंग लावलं. लेक जाऊन चार दिवस होत नाहीत तोच! त्यांनी तीनदा वाचन घेतलं, सरासरी काढली, ती दोनच आली. लेकीने ठेवलेल्या डब्यातलं गुलाबी पाणी त्यांनी वरच्या खुणेपर्यंत ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि गोदामांच्या रस्त्याने गाडी फिरवून आणली. आल्यावर इंजिनातून थोडी वाफ निघाली, सुस्कारल्यासारखा आवाज झाला आणि गाडीखाली गुलाबी थारोळं साचलं.

पुढच्या रविवारी पाणी पुन्हा खालच्या खुणेखाली. काकांनी ओतलं. गाडीने फिरून आल्यावर ते ओकलं. तिसऱ्या रविवारी तेच. शेऱ्याच्या रकान्यात काकांनी लिहिलं: 'गाडी पाणी पिते.' मग ते वाक्य सरकारी वाटेना, म्हणून त्यावर रेघ मारून 'प्राशन करते' असं केलं आणि सही ठोकली.

आता अशा गोष्टी आपल्याकडे गुप्त राहत नाहीत. बॉनेट उघडं दिसलं की ज्याला सायकलची साखळी बसवता येत नाही तोही खिशात हात घालून येतो आणि "काय झालं?" असं विचारून लगेच काय झालंय ते सांगतो. पहिले आले तळमजल्यावरचे प्राध्यापक, रसायनशास्त्राचे.

"काका, यात नुसतं पाणी घातलं नाहीत ना?"

"छे! डब्यातलंच घालतोय."

"डबा तोच आहे ना? रंग वेगळे मिसळले तर आत चिखल होतो." त्यांनी खिशातून लिटमसचा कागद काढला, टाकीच्या तोंडाशी बुडवला, उजेडात धरला आणि गंभीरपणे मान हलवली. "आम्ल नाही."

"मग?"

"मग काही नाही. आम्ल नाही एवढं नक्की. आणि ते थारोळं पुसून घ्या बरं का. हे द्रव्य गोड असतं आणि विषारी असतं. मांजरं चाटतात आणि मरतात."

झालं. इमारतीत चार मांजरं होती, आणि चारही सेक्रेटरींच्या बायकोच्या जीव की प्राण. त्या रविवारपासून थारोळ्यावर वाळू टाकून, फडक्याने पुसून, फरशी धुऊन होईपर्यंत काका हातात छत्री घेऊन मांजरं हाकत उभे राहू लागले. ज्या माणसाने एकेकाळी चाळीस मजुरांच्या तांड्याला नुसत्या हाताच्या इशाऱ्याने डावी-उजवीकडे सरकवलं होतं, त्याचं एक मांजर ऐकेना.

मग आले दातांचे डॉक्टर. ते दाताचा छोटा आरसा घेऊनच आले आणि आडवे होऊन गाडीखाली शिरले. "काका, कीड वरून दिसत नाही. ती मुळाशी असते. तुम्ही नुसतं वरून भरताय. आतून गळती असणार."

"कुठे?"

"ते काही दिसत नाही. म्हणजे नक्कीच खोल आहे."

पाचव्या रविवारनंतर जिन्यात सूचना लागली. 'सात क्रमांकाच्या जागेत गुलाबी रंगाचा अनोळखी द्रव वारंवार आढळत असून संबंधितांनी खुलासा करावा.' संबंधित कोण हे लहान मुलांनाही माहीत होतं, पण सेक्रेटरींची लेखणी नाव घेत नसे. काकांनी खुलासा दिला: 'सदर द्रव अनोळखी नसून कूलंट आहे.' त्यावर समिती बसली. समितीने विचारलं, ओळखीचा असेल तर तो जमिनीवर का आहे? काकांनी उत्तर दिलं की तेच शोधणं चालू आहे. समितीने शोधाला पंधरा दिवसांची मुदत दिली आणि डागाचा आकार दर आठवड्याला मोजून कळवावा असा ठराव केला. मोजण्याचं काम कुणाकडे द्यावं यावर चर्चा झाली, आणि अनुभवी व्यक्ती म्हणून ते काकांकडेच आलं. काकांना अपमान वाटला. पण मापं मात्र त्यांनी फार सुबक घेतली.

"अहो, दुरुस्तीला न्या की सरळ," काकू म्हणाल्या.

आठव्या आठवड्यात नेली. दुरुस्तीच्या कचेरीत काचेच्या खोलीत बसलेल्या तरुणाने मान वर न करता गाडीचा नंबर विचारला, काहीतरी टिपलं आणि म्हणाला, "गाडी तुमच्या नावावर नाही. मालकांना कोड गेलाय. तो सांगा, मग बॉनेट उघडतो."

"अहो, नुसतं बघायचंय. मी तिचा बाप आहे."

"गाडीचे?"

"मालकिणीचा!"

"मग कोड विचारून घ्या ना त्यांना."

कोड विचारायचा म्हणजे सगळं सांगायचं, आणि सगळं सांगायचं म्हणजे गाडी त्या ऑफिसातल्याच्या दारात. काका चावी उचलून निघाले. पण कोड आधीच पोचला होता. ते घरी यायच्या आत फोन वाजला.

"बाबा, मला सर्व्हिस सेंटरचा कोड कसा आला? काय झालंय गाडीला?"

"काही नाही गं. धुवायला नेली होती."

"धुवायला कोड लागतो?"

"हल्ली सगळ्यालाच लागतो."

मग लेक म्हणाली, "बाबा, तुला त्रास होत असेल तर खरंच सांग. मी या महिनाअखेरीला रविवारी येतेय. तोही येतो म्हणालाय गाडी बघायला. नुसती बघायला हं."

काकांनी फोन ठेवला. लेकीशी ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले होते, आणि तेही इतकं कच्चं. त्या दुपारी त्यांनी वही उघडली आणि आठही वाचनं पुन्हा तपासली. बेरजा बरोबर होत्या. सरासऱ्या बरोबर होत्या. चूक कुठेच नव्हती.

अकराव्या रविवारी गाडीने अर्धा लिटर ओकलं तेव्हा काकू जिन्यात उभ्या होत्या. पुढच्याच रविवारी लेक येणार होती.

"अहो, ज्याला कळतं त्याला विचारा ना," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"नाव माझ्याच तोंडून कशाला वदवून घेता?"

काका बादली, फडकं आणि छत्री घेऊन वर आले आणि हात धुऊन खुर्चीत बसून राहिले.

खरं सांगायचं तर अकरा रविवार बॉनेट उघडताना त्यांना एकच माणूस आठवत होता. उस्ताद. मोजणी खात्याच्या गाडीचा चालक. त्या गाडीला सगळे 'म्हातारी' म्हणत. राहुट्यांच्या मुक्कामात, भल्या सकाळी, सगळे कांबळ्यांत असताना उस्तादांचा पहिला आवाज ऐकू यायचा तो बॉनेटचा. मग डब्याने पाणी ओतल्याचा. मग "झालं साहेब, म्हातारीने तोंड धुतलं, आता आपण धुवा," असा. काकांना गाडी चालवायला उस्तादांनीच शिकवली होती, एका कोरड्या तलावात. सोळा वर्षं दोघांनी एका डब्यातलं जेवण खाल्लं होतं. त्या सकाळी, तो धुराचा वास, ओल्या गवतात उभी म्हातारी, आणि पंचविशीतले आपण.

आणि मग तो दिवस आठवायचा. भर उन्हाळा. वरून मोठे साहेब चार वाजता तपासणीला येणार होते आणि त्या दगडाच्या टेकडीवरचं शेवटचं वाचन राहिलं होतं. दुसऱ्या वळणावर उस्ताद म्हणाले, "साहेब, पाच मिनिटं द्या. काटा चढलाय. म्हातारीला धाप लागलीय."

"वर गेल्यावर देऊ," काका म्हणाले.

वर पोचायच्या आत इंजिन उकळलं आणि फुटलं. मोठ्या साहेबांनी लेखी अहवाल मागितला. काकांनी तो लिहिला. 'चालकाच्या निष्काळजीपणामुळे सदर वाहनाचे इंजिन निकामी झाले.' खाली पोच म्हणून उस्तादांनी सही केली, एक शब्द न बोलता. त्यांना गाडीवरून काढून पाण्याच्या टँकरवर टाकलं, आणि निवृत्तीपर्यंत ते टँकरच चालवत राहिले. ट्रंकेतला पिवळा कागद म्हणजे त्याच अहवालाची नक्कल होती. सव्वीस वर्षं काका ज्या रस्त्यावर उस्ताद राहत तो रस्ता टाळून बाजारात जात होते. लांबचा पडायचा, पण जात होते.

सोमवारी काका त्या रस्त्याने गेले. घर सापडलं. दारात, खुर्चीवर, उस्ताद बसले होते; केस सगळे गेलेले, मिशा तेवढ्या तशाच. काकांनी वाटेत चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

उस्तादांनी डोळे बारीक केले. "साहेब?"

"हो."

"गाडी घेतली म्हणे पोरीने."

"घेतली."

"पाणी बघता का रोज?"

काकांनी तोंड उघडलं, आणि चार वाक्यांऐवजी अकरा रविवारांची हकीकत बाहेर पडली. लिटमस, मांजरं, कोड, सगळं. उस्तादांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. मग ते आत जाऊन चपला घालून आले. "चला, बघू."

इमारतीखाली ही बातमी त्यांच्याआधी पोचली होती. प्राध्यापक होते, डॉक्टर होते, समितीचं निरीक्षण म्हणून सेक्रेटरी होते. उस्तादांनी बॉनेटला हातही लावला नाही. ते गाडीभोवती एक चक्कर मारून मागे येऊन थांबले.

"साहेब, या विटा कशाला?"

"गडगडू नये म्हणून."

"का गडगडेल?"

"का म्हणजे? उ—"

काका तिथेच थांबले. त्यांनी गाडीकडे बघितलं. गाडीखालच्या फरशीकडे बघितलं. सात नंबरची जागा रस्त्यावरून खाली येणाऱ्या उतारावर होती. म्हणूनच ती उरली होती. गाडीचं नाक वर आणि बूड खाली. आतलं पाणी मागे सरकणार, पुढच्या खुणांपाशी कमी दिसणार. काका ओतणार, आधीच भरलेली टाकी आणखी भरणार, आणि गाडी सपाट रस्त्यावर जाऊन तापली की जास्तीचं बाहेर टाकणार. पुढच्या रविवारी पुन्हा उतारावर, पुन्हा कमी. गाडी पाणी पीत नव्हती. गळती नव्हती. कीड नव्हती.

काका मुकाट्याने जिना चढून वर गेले आणि पितळेची पाणसळ घेऊन खाली आले. ती त्यांनी मागच्या काचेखालच्या कडेपासून पुढच्या दिशेने गाडीच्या अंगाला लावली. बुडबुडा सुळकन पळत पुढच्या टोकाला जाऊन बसला.

"अर्धा दोरा?" दातांचे डॉक्टर हळूच म्हणाले. त्यांना पाटी दोनदा काढावी लागली होती, हे विसरता कामा नये.

उस्ताद मात्र हसले नाहीत. "होतं साहेब असं," ते म्हणाले. "दुर्बीण रोज पाणसळीत लावणाऱ्याला वाटतं, दुनियाही पाणसळीत लागलेलीच आहे."

खरं वाचन घ्यायला सपाट जागा हवी. त्या वेळी रिकामी असलेली सपाट जागा एकच, सेक्रेटरींची. त्यासाठी अर्ज लागला. तो सेक्रेटरींनी स्वतःच स्वतःकडे घेतला, स्वतःच शिफारस केली आणि दहा मिनिटांचा परवाना दिला. सपाटीवर पाणी वरच्या खुणेच्या दोन बोटं वर होतं. इंजिन थंडगार असल्याची उस्तादांनी हात लावून खात्री केली, झाकण सावकाश सोडलं, आणि दातांच्या डॉक्टरांनी आपल्या सर्वांत मोठ्या पिचकारीने जास्तीचं पाणी ओढून काढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच रोगी ओरडला नाही म्हणून ते खूश होते.

त्या रात्री काकांनी वही उघडली. अकरा वाचनांवर अकरा आडव्या रेघा मारल्या, अकरा सह्या केल्या, तारखा घातल्या. आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'वाचन उतारावर घेतले. चूक वाचकाची.'

रविवारी लेक आली. तो ऑफिसातला मागाहून येणार होता. खाली गाडीपाशी उभं राहून तिने वही चाळली. काका शेजारी, शाळेत प्रगतिपुस्तक दाखवताना ती जशी उभी राहायची तसे, उभे. तिने पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं, आणि हसू आवरेना म्हणून बॉनेटवर डोकं टेकलं.

"बाबा, मी सांगणार होते, सपाट जागी लावून बघ म्हणून. मग म्हटलं, तुला काय सांगायचं!"

काकांना याच्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "आणि मी खोटं बोललो तुझ्याशी. धुवायला नेली नव्हती."

"माहीत आहे. धुतलेली गाडी अशी दिसत नाही." तिने वही मिटली. "त्याला कळवते मी, येऊ नकोस म्हणून. चूक लपवायची असती तर तू पान फाडलं असतंस. गाडी इथेच राहू दे."

काकांनी पाणसळ फडक्यातून काढली आणि तिच्यापुढे धरली. "आजचं वाचन तू घे." सेक्रेटरींच्या जागेत, नव्या परवान्यावर, लेकीने पाणसळ लावली, बुडबुडा मध्ये आल्याचं बघितलं, आणि वाचन सांगितलं. काकांनी लिहून घेतलं. पाणी दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं.

"आता वीस मिनिटं फिरवायची ना?" लेक म्हणाली. "कुठे जाऊ या?"

काकूंनी वरून गॅलरीतून सांगितलं, "टेकडीवर जा म्हणावं. तीन महिने तोंडात आहे, बाहेर पडत नाहीये." काका चपापून वर बघू लागले, तर काकू आत निघून गेल्या होत्या. तेवढं ऐकल्यावर काका घरात गेले, ट्रंक उघडल्याचा आवाज झाला, आणि ते परत खाली आले.

वाटेत त्यांनी उस्तादांना घेतलं. लेक चालवत होती, उस्ताद तिच्या शेजारी, काका मागे. दुसऱ्या वळणावर तिघंही गप्प झाले. म्हणजे दोघं गप्प झाले, आणि ते बघून लेकही. गाडी धापा न टाकता वर गेली. माथ्यावर दगड होता. गवतात अर्धा बुडालेला, पण होता.

लेकीचा हात चावीकडे गेला तसे उस्ताद म्हणाले, "थांब पोरी. टर्बो आहे. चढ चढून आलाय, आत लालबुंद झाला असेल. एकदम बंद करू नये. उभी कर आणि दोन मिनिटं नुसती चालू ठेव. दम खाऊ दे तिला."

गाडी उभी राहिली. इंजिन हळू आवाजात चालू होतं. दोन मिनिटं करायला काहीच नव्हतं. काकांनी खिशातून पिवळा कागद काढला, वहीवर पसरला. 'चालकाच्या' या शब्दावर त्यांनी एकच आडवी रेघ मारली, खालचा शब्द वाचता येईल अशी, आणि वर लिहिलं, 'माझ्या'. शेजारी सही केली.

"उस्ताद," ते म्हणाले, "तुम्ही पाच मिनिटं मागितली होतीत. मी दिली नाहीत. आणि मला त्याच दिवशी माहीत होतं चूक कुणाची ते. मी घाबरलो."

त्यांनी कागद पुढे दिला. उस्तादांनी तो हातभर लांब धरून वाचला. पुन्हा वाचला. लेक समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिली.

"साहेब," उस्ताद म्हणाले, "तारीख राहिली."

काकांनी कागद परत घेतला आणि सहीखाली तारीख घातली. उस्तादांनी त्याची चौपदरी घडी करून ती वरच्या खिशात ठेवली आणि बटण लावलं. मग इंजिनाचा आवाज जरा वेळ ऐकला आणि लेकीला म्हणाले, "हं. आता बंद कर."